हसऱ्या बापाचा हिशेब

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व परलोकवासी श्रद्धावंतांच्या स्मरणदिनी, आपल्या जिल्ह्यातील कबरस्थाने गजबजून जातात. राहुरी असो, श्रीरामपूर असो की संगमनेर. आदल्या दिवशी गवत काढलेले असते, कबरींना चुना दिलेला असतो, झेंडूच्या फुलांचे क्रूस मांडलेले असतात आणि मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून मुले ओंजळी धरून बसलेली असतात. फादर पवित्र जल शिंपडीत ओळीने पुढे जातात. त्यांच्या मागून चालताना कबरींवरील मजकूर वाचण्याची आम्हांस जुनी सवय आहे. कोणी कर्तव्यदक्ष होते, कोणी शिस्तप्रिय, कोणी प्रभूचे निष्ठावंत सेवक. 'हा माणूस फार हसत असे' असे लिहिलेली कबर मात्र आमच्या पाहण्यात नाही. मातीखाली गेलेल्या इतक्या माणसांत एकही हसरा नसेल, हे संभवत नाही. मग मरणानंतर त्यांचे हसणे कोठे जाते?

हा प्रश्न आमच्या घरात एकदा अगदी व्यवहाराचा होऊन उभा राहिला. वडिलांच्या पहिल्या स्मरणदिनाची मिस्सा ठरली होती आणि त्या दिवशी वाटावयाच्या छोट्या स्मरणपत्रिकेचा मजकूर आम्हां चार भावंडांना लिहावयाचा होता. बाबा राहुरी तालुक्यातील एका लहान गावी मिशनच्या शाळेत शिक्षक होते. एखाद्या रविवारी फादर येऊ शकले नाहीत तर प्रार्थना तेच चालवीत. त्यामुळे शाळेतही ते 'मास्तर' आणि देवळातही 'मास्तर'च. आम्ही बराच खल करून लिहिले : शिस्तप्रिय, मितभाषी, कर्तव्यकठोर शिक्षक व आदर्श पिता. मजकूर आईला वाचून दाखविला. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "छान आहे. पण हे कोण?"

आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. शिस्त हा शब्द बाबांना शाळातपासणीच्या दिवशी तेवढा आठवत असे. एरवी श्रावणाची सर पडून गेली की भूमितीचा तास मुळा नदीच्या काठी भरे आणि नदीचे वळण हाच वर्तुळाचा कंस होई. ही धरण होण्यापूर्वीची मुळा. पाऊस लागला की दुथडी भरणारी आणि उन्हाळ्यात वाळूत हरवून जाणारी. हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात हुरडा ठरलेला. मे महिना सरता सरता ते आम्हांला एस.टी.च्या शेवटच्या गाडीने भंडारदऱ्याकडे काजवे पाहावयास नेत आणि रात्र कोठे काढावयाची हे तेथे पोचल्यावर ठरे. एकदा बारीच्या वाटेने कळसूबाई चढलो. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. माथ्यावर पोचताच बाबांनी टोपी काढून गंभीरपणे सांगितले, "पोरांनो, या घटकेला सबंध महाराष्ट्रात आपल्या डोक्यावर कोणी नाही. हेडमास्तर नाही, बिशपसुद्धा नाही." सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आम्ही पायी जात असू. पवित्र माळेचे एक दशक झाले की एक कोडे, पुन्हा दशक, पुन्हा कोडे, असा तो रस्ता सरे. कोडे सुटले नाही तर पुढच्या दशकात मन लागत नसे, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

असा माणूस आम्ही 'मितभाषी' करून टाकला होता. का, याचा विचार करू लागलो तेव्हा आमचे आम्हांलाच नवल वाटले. आम्हांला बाबांची लाज वाटत नव्हती; पण देवळाच्या दारात, धर्मगुरूंच्या हाती पडावयाच्या कागदावर त्यांचे हसणे शोभणार नाही, असे कोठेतरी वाटत होते. हसणे म्हणजे माणसातली उरलीसुरली पोरबुद्धी आणि सद्गुण म्हणजे कपाळावरची आठी, अशी काहीशी समजूत आपण सर्वच बाळगून असतो.

ही समजूत निदान ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतून आलेली नाही. तेराव्या शतकातील संत थोमस अक्वाइनस हे काही थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया' या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांत काही सद्गुण आहे काय, हा प्रश्न रीतसर घेतला आहे आणि होय असे उत्तर दिले आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते, आणि खेळ ही मनाची विश्रांती आहे. पुढे जाऊन ते म्हणतात की, जो स्वतः कधी कोणाला आनंद देत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदातही मोडता घालतो, त्याच्या वागण्यातही दोष आहे. मुळात हा विचार अॅरिस्टॉटलचा. संताने त्याला देवळात आणून बसविले.

त्याच ठिकाणी संत योहानाची एक कथा येते. ती मूळ जुन्या मठवासीयांच्या परंपरेतली, योहान कॅसियनने पाचव्या शतकात लिहून ठेवलेली. वृद्ध योहान एका तित्तराला हाताने गोंजारीत बसला होता. तेथून जाणाऱ्या शिकाऱ्याला वाटले, एवढा मोठा प्रेषित आणि पाखराशी खेळत बसतो! योहानाने त्याच्या हातातील धनुष्याकडे बोट दाखवून विचारले, हे तू सदा ताणलेले का ठेवीत नाहीस? शिकारी म्हणाला, तसे केले तर त्यातला जोर जाईल. तेच मनाचे आहे, असे योहानाने त्यास सांगितले. अक्वाइनसने ही कथा घेताना तित्तर मात्र गाळून टाकले आहे. त्याच्याकडे योहान शिष्यांबरोबर खेळताना दिसतो. आम्हांला ते पाखरू गळाल्याची थोडी हळहळ वाटते, कारण तित्तराशी आमच्या घराचाही जुना संबंध आहे.

बाबा माळावर तित्तरांसाठी फासे लावीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. हेच बाबा वर्गात रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकवीत, आणि घरट्यातल्या पिलांसाठी तडफडत परत येणाऱ्या त्या पक्षिणीपाशी पोचले की त्यांचा आवाज हटकून भरून येई. आमच्या थोरल्या बहिणीला शाळेत ती कविता लागली त्या दिवशी संध्याकाळी घरात तित्तराचे कालवण होते. ती ताटावरून उठली आणि तिने बाबांना विचारले, "तुम्ही शिकविता ती पक्षीण ही नव्हे काय?" बाबांजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फासे मोडले आणि आठवड्याभरात मासे धरावयाचे जाळे आणले. बहिणीला म्हणाले, "टिळकांनी माशांवर काही लिहिले असेल तर आताच सांग."

त्या जाळ्यात एकदा एक वाम आली. सकाळी उन्हे वर आल्यावर बाबा सायकलच्या हँडलला ती लटकावून दारी उभे राहिले. आम्ही तिघे ओट्यावर होतो. वाम केवढी, तिने बाबांना पाण्यात कसे ओढले, जाळे कसे फाटले, मग तिची समजूत कशी घातली, हे सारे त्यांनी तेथेच, सायकल न टेकता, अभिनयासह सांगितले. ती गोष्ट पुढे चाळीस वर्षे आमच्या घरी चालली. पाहुणा आला की ती निघे. दर वेळी वाम वीतभर वाढे. आई पाने वाढीत असे. ती हसत असे की नाही, हे आमच्यापैकी एकालाही आठवत नाही.

स्मरणपत्रिकेच्या त्या संध्याकाळी आम्ही आईला म्हटले, "मग वामीची गोष्टच छापू या." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की, त्या रात्री आमच्या धाकट्या बहिणीला गोवर होता आणि ताप मेंदूत चढतो की काय अशी अवस्था होती. बाबा संध्याकाळीच नदीवर गेले होते. शेजारणीला उठवून तिने आम्हां तिघांपाशी बसविले, धाकटीला पाठुंगळी बांधले आणि चार मैल चालत ती सिस्टरांच्या दवाखान्यात गेली. वाटेत कंदील विझला. पहाटे बाबा घरी आले, शेजारणीकडून कळले, तसेच सायकल मारीत दवाखान्यात पोचले. हँडलला लटकणारा मासा काढून टाकण्याचेही भान त्यांना नव्हते. ताप उतरणीला लागला होता. व्हरांड्यात बसून ते रडले.

"मग मीच म्हटले, घरी जा, पोरे घाबरली असतील. त्यांना काही सांगू नका," आई म्हणाली. "तुम्हांला ती गोष्ट सांगितली ती त्यासाठी. त्यानंतर सहा महिने नदीवर गेले नाहीत. शेवटी मीच जाळे काढून हातात दिले. घरात बसलेले हे बघवत नव्हते."

चाळीस वर्षे आम्ही तिच्यादेखत ती गोष्ट हसत हसत सांगत आलो होतो.

अक्वाइनसने विनोदाला तीन मर्यादा घातल्या आहेत : त्यात अभद्र वा दुखविणारे काही नसावे, मनाचा तोल जाऊ नये, आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ पाहून केलेला असावा. जाळे टाकण्यात दोष नव्हता. ती रात्र चुकली. घरी आजारी मूल असताना नदीवर रमणे याला भोळेपणा म्हणून चालणार नाही. पण खरा पेच याच्याही पुढचा आहे. बाबांचा आनंद आम्हां मुलांना फुकट मिळाला. तो ज्या खात्यावर पडत होता ते खाते आईच्या नावे होते. काजवे पाहून परतल्यावर उसनवारी फेडणारी, भूमितीचा तास नदीकाठी भरल्याबद्दल वरून विचारणा आली की घरात धीर देणारी तीच होती. हसऱ्या बापाची आठवण मुलांनी एकट्यांनी लिहावी काय? आम्हांला वाटते, लिहू नये. त्यांच्यापाशी हिशेबाची एकच बाजू असते.

याच मातीत घडलेले एक घर या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही, आणि त्याची वाट त्या तित्तराच्या कालवणापाशीच आम्हांला भेटली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) हे आपल्या सभेचे नव्हेत. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. पण जुन्या अहमदनगरवर, आजच्या अहिल्यानगरवर, त्यांचा जेवढा हक्क आहे तेवढा थोड्यांचा असेल, आणि फुलांमुलांचा हा कवी आमच्या कॅथलिक शाळांतही घरचाच होता. टिळकांचे स्वतःचे वडील तापट आणि कडक. आई गेल्यावर लहानपणीच ते घर सोडून नाशिकला गेले. ज्याला बापाचे हसणे ऐकावयास मिळाले नाही, तो स्वतः मात्र मुलांत मूल होऊन रमणारा बाप झाला. पोटची मुले पुरली नाहीत म्हणून की काय, दुसऱ्यांची मुले घरी आणावयाची, कोणीही कधीही पानावर बसावयाचे, हातात पैसा टिकू द्यावयाचा नाही, मनात आले की उठून चालू लागावयाचे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, हाही याच घरात मुलासारखा राहून गेला.

आणि या सगळ्याचे खाते लक्ष्मीबाईंच्या नावे. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या लहान दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. मग नगरला आल्या, पतीच्या संसारात पुन्हा उभ्या राहिल्या, १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांनी जोडलेली पोरकी, भुकेली, आजारी माणसे त्यांनीच सांभाळली. टिळक गेल्यावर मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहावयास बसला. त्याने काय करावे? आईला म्हणाला, तुझ्या आठवणी लिहून दे. तीत आमच्या मते त्याचे सगळे शहाणपण आहे. ज्या बाईला धड शाळा लाभली नव्हती तिने आपल्या बोलीत लिहावयास घेतले आणि 'स्मृतिचित्रे' झाली. त्यांचे भाग १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागले. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. मुलाच्या हातचे चरित्र मागे पडले आणि आईच्या हिशेबाची वही मराठी भाषेचे भूषण ठरली.

त्या वहीत टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, न सांगता निघून जाणे आहे, आणि तितकेच त्यांचे निर्मळ मनही आहे. हे वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून दिलेले नाही. पुष्कळदा एकाच वाक्यात हसू आणि चटका शेजारी बसतात. लक्ष्मीबाईंना ही दृष्टी माहेराहून मिळाली असावी. त्यांचे वडील नाना गोखले सोवळ्याने झपाटलेले. बाजारातून आलेली चीज धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, मग ते मीठ का असेना. या खुळापायी घरच्या बायकांचे हाल झाले, हे त्या लपवीत नाहीत; पण सांगताना त्यांना हसू येते आणि आपल्यालाही येते, आणि नानांचा द्वेष मात्र कोणाच्या मनात उरत नाही. बापाने जगाला दाराबाहेर उभे केले, नवऱ्याने सगळे जग घरात आणले. दोन्ही वेळा भांडी घासणारे हात तेच.

कोणी म्हणेल, दिवंगत बापाचे दोष लिहिणे हे चौथ्या आज्ञेला धरून आहे काय? उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाची हकिगत आहे. द्राक्षारसाने धुंद होऊन तो डेऱ्यात उघडा पडला. हामने ते पाहून बाहेर जाऊन सांगितले. शेम आणि याफेथ यांनी मागे पावले टाकीत जाऊन, नजर न वळविता, बापावर वस्त्र घातले. आशीर्वाद त्या दोघांना मिळाला. आम्हीही 'मितभाषी' आणि 'कर्तव्यकठोर' ही वस्त्रे अशीच उलट्या पावलांनी नेऊन घातली होती. पण एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानी आली. ज्या पवित्र शास्त्राने पांघरूण घालणाऱ्या पुत्रांची बाजू घेतली, त्याच शास्त्राने नोहाची ती दुपार लिहूनही ठेवली. तेव्हा झाकणे आणि सांगणे यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. हामचा दोष त्याच्या सांगण्यात नव्हता, बाहेर उभे राहून सांगण्यात होता. जो आत जाऊन पांघरूण घालतो, त्याला सांगण्याचाही अधिकार असतो. कंदील विझलेली ती चार मैलांची वाट आईने चाळीस वर्षे झाकून ठेवली. आता ती सांगावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचा होता, आमचा नव्हता.

आपल्या श्रद्धेत तर याला आणखी एक आधार आहे. आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करतो. ज्याच्यात काही उणेच नव्हते त्याच्यासाठी ही प्रार्थना कशाला? स्मरणपत्रिकेवर 'आदर्श' लिहावयाचे आणि वेदीपाशी त्याच्या पापांची क्षमा मागावयाची, यातले एक काहीतरी आपण मनापासून करीत नाही. संत आगस्तीनने आपल्या 'कबुलीजबाबा'त आई मोनिका हिच्या मरणाची हकिगत लिहिली आहे. इ.स. ३८७ मध्ये ती ओस्तिया येथे वारली. संतमाता म्हणून आपण जिला वंदन करतो तिला मुलीपणी चोरून द्राक्षारस पिण्याची सवय लागली होती, हे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्या मुलानेच लिहिले म्हणून. वडील पात्रिसियस रागीट होते, पत्नीशी एकनिष्ठ नव्हते, हेही त्याने लिहिले. आणि शेवटी वाचणाऱ्यांना त्याने विनविले की, वेदीपाशी या दोघांचीही आठवण करावी. त्याला आईवडिलांसाठी मान नको होता, प्रार्थना हवी होती. आणि ती मागताना आईबाप कसे होते ते खरे सांगणे त्याला भाग होते.

हे सारे त्या संध्याकाळी आम्हांला इतके नीट सुचले होते असे नाही. आम्ही कागद पुढे ओढला आणि आईला म्हटले, तू सांग. तिने प्रथम 'आदर्श' खोडावयास लावले. मग 'शिस्तप्रिय', मग 'मितभाषी'. 'कर्तव्यकठोर' या शब्दाचा अर्थ विचारला आणि तोही खोडला. 'शिक्षक'च्या जागी 'मास्तर' घातले. दवाखान्याचे काय करावयाचे, असे धाकट्या बहिणीने विचारले. आई म्हणाली, "ते त्यांचे त्यांनी फादरांना सांगितले आहे. आता तुम्हांला ठाऊक झाले, एवढे पुरे." आज ती नाही. जाण्यापूर्वी, आम्ही विचारले तेव्हा, त्या रात्रीचे लिहिले तरी चालेल, असे तिने सांगितले होते, म्हणून लिहिले.

कागदावर शेवटी नाव राहिले, दोन तारखा राहिल्या आणि खाली दोन ओळी : फार हसत असत. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून निरोप आला की, मजकुरात मधल्या काही ओळी सुटल्या आहेत काय, की असेच छापावयाचे आहे? आईने असेच छापा म्हणून कळविले.